प्रवाशाच्या आसनावरून पाहणारा माणूस : जहांगीर रतनजी दादाभाई टाटा

उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील.

१. जे. आर. डी. टाटा यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
२. भारतीय नागरी विमानसेवेच्या जडणघडणीत मुंबईच्या विमानतळांचे स्थान स्पष्ट करता येईल.
३. प्रवाशाची सोय ही केवळ इमारतीची बाब नसून ती दृष्टीची आणि व्यवस्थेचीही बाब असते, हा विचार चरित्राच्या आधारे मांडता येईल.
४. चरित्रनायकाचे मोठेपण आणि त्याच्या कार्याच्या मर्यादा यांचा तोल राखून छोटे चरित्र लिहिता येईल.

१. प्रास्ताविक

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात जूचंद्र नावाचे गाव आहे. डोंगरावरील चंडिकादेवीचे मंदिर आणि घरोघरचे रांगोळी कलावंत ही या गावाची ओळख. वसई-दिवा लोहमार्गावर गावाच्या नावाचे स्थानकही आहे. आपण जूचंद्रचे रहिवासी आहात अशी कल्पना करा. घरातील कोणी प्रथमच परदेशी निघाले आहे. विमान पहाटेचे आहे, म्हणजे मध्यरात्रीच निघायला हवे. त्या वेळी लोकलचा भरवसा नाही, म्हणून गाडी ठरवलेली आहे. दोऱ्यांनी बांधलेल्या पेट्या, हातात कागदपत्रांची पिशवी आणि मनात धाकधूक घेऊन मंडळी महामार्गाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाकडे निघतात. दाराशी निरोप होतो. पुढे जाणारा माणूस एकटा असतो. कोणत्या रांगेत उभे राहायचे, कोणता कागद कोणाला दाखवायचा, सामानाचे वजन जास्त भरले तर काय करायचे, हे त्याला कोणी तरी सांगावे लागते. ते सांगणारा माणूस भेटतो की नाही, आणि भेटला तर कोणत्या स्वरात बोलतो, यावर त्या प्रवासाची पहिली आठवण ठरते.

या आठवणीचा विचार ज्यांनी जन्मभर केला, अशा एका व्यक्तीचे चरित्र या घटकात आपण पाहणार आहोत. जे. आर. डी. टाटा हे उद्योगपती म्हणून सर्वांस परिचित आहेत. पोलाद, रसायने, मोटारी, संशोधन संस्था अशा अनेक क्षेत्रांशी त्यांचे नाव जोडले गेले आहे. तो सर्व विस्तार बाजूस ठेवून येथे एकच धागा घेतला आहे. विमानाने प्रवास करणाऱ्या माणसाकडे त्यांनी कसे पाहिले, हा तो धागा होय. चरित्रलेखकाला नायकाचे सगळे आयुष्य सांगता येत नाही. त्याला निवड करावी लागते. वाचताना या निवडीकडेही लक्ष ठेवावे.

२. दोन देशांमधले बालपण

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटा यांचे नातलग आणि व्यवसायातील भागीदार. आई सुझान या फ्रेंच होत्या. पाच भावंडांत जहांगीर दुसरे. वडिलांच्या व्यवसायामुळे कुटुंबाचे बिऱ्हाड फ्रान्स, मुंबई आणि जपान यांच्यामध्ये हलत राहिले. घरात फ्रेंच बोलली जाई; शाळा बदलली की सभोवतालची भाषाही बदले. ज्या मुलाला लहानपणी अनेकदा नव्या गावात, नव्या भाषेत पाय ठेवावा लागतो, त्याला परकेपण म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो येथे हे कुटुंब सुट्टी घालवीत असे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही तेथे घर होते. १९०९ मधील ब्लेरियो यांच्या त्या पराक्रमाने सारे युरोप थक्क झाले होते. समुद्रकिनाऱ्यावर उतरणारी विमाने जहांगीर यांनी तेथेच जवळून पाहिली. वयाच्या पंधराव्या वर्षी विमानात बसण्याची पहिली संधीही त्यांना तेथेच मिळाली. त्या फेरीत ते वैमानिक नव्हते, प्रवासी होते. पुढच्या कथेच्या दृष्टीने हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तरुणपणी त्यांनी काही काळ फ्रेंच सैन्यात नोकरी केली. केंब्रिजला शिकण्याची त्यांची इच्छा होती. परंतु वडिलांनी त्यांना भारतात बोलावून घेतले. १९२५ च्या अखेरीस ते टाटा कंपनीत उमेदवार म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि बाविशीतील या तरुणावर कुटुंबाची जबाबदारी पडली. विद्यापीठाची पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. नोकरी आणि संसार सांभाळून वयाच्या तिशी-चाळिशीत अभ्यासाची पुस्तके पुन्हा उघडणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना ही उणीव कशी बोचत असेल, हे समजू शकेल. जेआरडींनी ती वाचनाने आणि निरीक्षणाने भरून काढली.

३. जुहूचे मैदान

१९२८ साली मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला. जेआरडी तेथे विमान चालवण्यास शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. आगाखान यांनी इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी पारितोषिक जाहीर केले. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर हा कोवळा तरुण इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी यांचे विमान स्पार्क प्लग नसल्याने अडकले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. पुढे अस्पी यांनी ती स्पर्धा थोड्या वेळाच्या फरकाने जिंकली. हेच अस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. अडलेल्या प्रवाशाला पुढे जाता आले पाहिजे, ही वृत्ती जेआरडींच्या ठायी किती सहज होती, ते या प्रसंगातून दिसते.

ब्रिटिश हवाई दलातून आलेले नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टाटांपुढे हवाई टपालाची योजना मांडली होती. लंडनहून येणारे टपाल कराचीपर्यंत विमानाने येई; तेथून पुढे ते अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी या मार्गाने मद्रासला नेण्याचा हा बेत होता. सरकारशी करार होण्यास बराच काळ गेला. अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडी कराचीहून पुस मॉथ जातीच्या लहानशा विमानात टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतील पेट्रोल विमानात ओतण्यात आले. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूला उतरले. पुढचा मद्रासपर्यंतचा प्रवास व्हिन्सेंट यांनी केला. नकाशावर अहमदाबाद आणि जुहू यांना जोडणारी सरळ रेषा ओढून पाहा. ती वसईच्या परिसरावरून जाते. जूचंद्र त्या रेषेपासून काही किलोमीटरच पूर्वेला आहे.

त्या काळातील जुहूचा विमानतळ डोळ्यांसमोर आणावा. समुद्रालगतची सपाट चिखलाची जमीन आणि झावळ्यांनी शाकारलेली एक खोपटी, एवढाच तो विमानतळ होता. बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती, धावपट्टीवर दिवे नव्हते. पावसाळ्यात मैदानावर पाणी साचे, तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. अशा परिस्थितीतही पहिल्या वर्षी या सेवेचा वक्तशीरपणा शंभर टक्के होता. सह्याद्रीवर पाऊस कोसळत असतानाही टपाल ठरल्या वेळी पोहोचत होते. त्या वर्षात १५५ प्रवाशांनी या विमानांतून प्रवास केला आणि कंपनीला सुमारे ६०,००० रुपये नफा झाला.

येथे थोडे थांबून विचार करावा. जुहूला प्रतीक्षालय नव्हते, पंखे नव्हते, उपाहारगृह नव्हते. तरीही त्या प्रवाशाला एक मोठी सोय मिळत होती. विमान ठरलेल्या वेळी सुटेल आणि ठरलेल्या वेळी पोहोचेल, हा भरवसा त्याला होता. प्रवाशाच्या सोयींची यादी करताना आपण प्रथम इमारतीकडे पाहतो. जेआरडींच्या अनुभवात मात्र वक्तशीरपणा आधी आला आणि इमारत फार नंतर आली.

४. मुंबई ते लंडन

१९३८ मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी जेआरडी टाटा उद्योगसमूहाचे अध्यक्ष झाले. विमानसेवेवरील त्यांचे लक्ष मात्र कमी झाले नाही. १९४६ मध्ये टाटांच्या विमानसेवेचे एअर इंडिया या नावाने सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले. त्याच सुमारास कंपनीच्या बॉबी कुका यांनी चित्रकार उमेश राव यांच्या साहाय्याने लवून स्वागत करणारा पगडीधारी ‘महाराजा’ घडवला.

स्वातंत्र्यानंतर लगेच जेआरडींनी सरकारपुढे परदेशी विमानसेवेचा प्रस्ताव ठेवला. सरकार, टाटा आणि जनता या तिघांची भागीदारी असलेली एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी मार्च १९४८ मध्ये स्थापन झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पस्तीस प्रवाशांना घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. प्रवाशांमध्ये जेआरडी स्वतः होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या विमानातून परका प्रवासी प्रवास करील, तेव्हा तो त्या विमानावरून साऱ्या देशाची पारख करील, याची त्यांना जाणीव होती.

हा मार्ग सुखाचाच होता असे नाही. हेच ‘मलबार प्रिन्सेस’ नोव्हेंबर १९५० मध्ये आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि विमानातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. विमानप्रवासात सुरक्षितता ही सर्व सोयींच्या आधी येते, ही गोष्ट अशा आघातांनी ठसवली. चरित्र लिहिताना अशा घटना गाळू नयेत. यशाच्या नोंदींइतक्याच त्या आवश्यक असतात.

५. प्रवाशाच्या आसनावरून

आता आपण या चरित्राच्या गाभ्याकडे येऊ. जेआरडी आपल्या कंपनीच्या विमानातून वारंवार प्रवास करीत. उद्योगसमूहाचा अध्यक्ष विमानात बसला म्हणजे कागदपत्रे चाळील किंवा विश्रांती घेईल, अशी आपली अपेक्षा असते. ते मात्र सभोवार पाहत बसत. प्रवास संपला की पाहिलेल्या उणिवांची टिपणे संबंधित अधिकाऱ्यांकडे जात. जिनिव्हाहून सुटलेल्या विमानात मिळालेला चहा रंगाने कॉफीहून ओळखू येत नाही, अशी तक्रार त्यांच्या एका टिपणात आहे. आसनाची पाठ किती कलते, पडद्याचा रंग कसा दिसतो, सेविकांचा पेहराव कसा आहे, प्रसाधनगृह स्वच्छ आहे की नाही, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नसत. एकदा विमान कंपनीच्या खिडकीवर धूळ दिसली, तेव्हा त्यांनी फडके मागवून ती स्वतः पुसली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते.

या टिपणांचे मर्म समजून घ्यावे. चहाचा रंग ही बाब क्षुल्लक दिसते. कोट्यवधींचे व्यवहार पाहणाऱ्या माणसाने त्यात वेळ घालवावा काय, असा प्रश्न तेव्हाही काहींना पडला असेल. परंतु प्रवाशाला कंपनीचा ताळेबंद दिसत नाही, त्याला चहा दिसतो. इंजिनाची देखभाल कशी होते हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. समोरचे मेज मळलेले असले, तर न दिसणाऱ्या गोष्टींविषयीही तो शंका घेऊ लागतो. ही शंका दूर ठेवायची तर दिसणारी प्रत्येक गोष्ट नीटनेटकी हवी, हे या टिपणांमागचे सूत्र होते.

दुसरी गोष्ट अशी की, ही टिपणे केवळ दोष दाखवण्यासाठी नव्हती. दोष कोठे आहे, तो कोणत्या विभागाचा आहे आणि काय केले असता तो दूर होईल, हे त्यांतून कळत असे. आपल्यापैकी कोणी विमानतळावर, रुग्णालयात, बसस्थानकावर किंवा सरकारी कार्यालयात काम करीत असेल, त्यांनी हा भेद अवश्य ध्यानात घ्यावा. तक्रार करणे सोपे असते. उपयोगी पडेल अशी तक्रार लिहिणे ही लेखनाची स्वतंत्र कला आहे आणि ती भाषेच्या अभ्यासाचाच एक भाग आहे.

कलेकडेही त्यांच्या काळातील एअर इंडियाने लक्ष दिले. देशोदेशींच्या कार्यालयांत भारतीय चित्रकारांची चित्रे लावण्यात आली. नागपूरजवळ जन्मलेल्या बी. प्रभा यांच्यासारख्या चित्रकर्तीच्या कृतींचा त्या संग्रहात समावेश होता. तिकिटासाठी थांबलेल्या माणसाच्या दृष्टीला काही चांगले पडावे, त्याचे थांबणे थोडे सुसह्य व्हावे, हा त्यामागील विचार होता. दिवाळीत जूचंद्रच्या कलावंतांनी रेखाटलेल्या रांगोळ्या पाहण्यासाठी लोक दुरून येतात. दारात आलेल्याचे स्वागत रेषांनी आणि रंगांनी करावे, ही आपल्या अंगणातली रीत आणि त्या भिंतींवरील चित्रे यांत नाते आहे. २०१४ मध्ये मुंबईच्या विमानतळावर सुरू झालेल्या नव्या टर्मिनलमध्येही भारतीय कलावस्तूंची प्रदीर्घ भिंत उभारण्यात आली आहे.

६. राष्ट्रीयीकरण

१९५३ साली सरकारने सर्व विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. जेआरडींना हा निर्णय मान्य नव्हता. सेवेचा दर्जा सरकारी चौकटीत टिकेल का, ही त्यांची चिंता होती. आपला विरोध त्यांनी लपवला नाही. तरीही परदेशी सेवेचे अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती झाली, तेव्हा त्यांनी ती मान्य केली आणि पंचवीस वर्षे ते पद वेतनाविना सांभाळले. जी संस्था आपल्या हातून गेली, तिचीच चाकरी पत्करण्याचा हा निर्णय होता. स्वतःचा मान राखून बाजूस होणे त्यांना शक्य होते. परंतु तसे केले असते तर ज्या प्रवाशासाठी इतकी वर्षे टिपणे लिहिली, त्याला वाऱ्यावर सोडल्यासारखे झाले असते.

या काळात कंपनीने मोठी मजल मारली. १९५८-५९ मध्ये जेआरडी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे अध्यक्ष होते. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि दोन वर्षांत कंपनीचा सारा ताफा जेट विमानांचा झाला.

७. विमानतळाचा प्रश्न

येथवर आपण विमानाच्या आतील व्यवस्था पाहिली. पण प्रवाशाचा अनुभव विमानात सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही. जेआरडींना विमानातील चहा बदलता येत होता. विमानतळ मात्र त्यांच्या हाती नव्हता. जुहूचे मैदान अपुरे पडल्यावर मोठी विमाने सांताक्रूझला उतरू लागली होती. देशातील विमानतळ सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याकडून चालवले जात. त्यातच पारपत्र तपासणी एका खात्याकडे, सीमाशुल्क दुसऱ्याकडे, आरोग्य तपासणी तिसऱ्याकडे आणि बंदोबस्त पोलिसांकडे. प्रत्येक खाते आपले काम करी. परंतु प्रवासी एकच होता आणि त्याला या सर्वांसमोरून क्रमाने जावे लागे. त्याचा एकूण किती वेळ गेला, हे मोजण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती.

पुढे येऊ घातलेल्या संकटाचे गणित साधे होते. १९४८ च्या पहिल्या उड्डाणात ३५ प्रवासी होते. बोइंग ७०७ मधून सुमारे दीडशे माणसे येत. १९७१ मध्ये एअर इंडियाकडे आलेल्या जम्बो जेटमधून साडेतीनशेच्या आसपास माणसे एकाच वेळी खाली उतरू लागली. १९३२-३३ च्या संपूर्ण वर्षातील प्रवासी अशा एका विमानात बसवले असते, तरी अर्ध्याहून अधिक आसने रिकामी राहिली असती. रांगेची गती सर्वांत संथ खिडकीवरून ठरते. दहा खिडक्यांची व्यवस्था उत्तम असली आणि अकरावीवर एकच कारकून असला, तर साडेतीनशे माणसे त्या अकराव्या खिडकीपाशीच तिष्ठत राहतात. त्यामुळे एखादा विभाग सुधारून भागत नाही. सर्व साखळीकडे एकत्र पाहणारे कोणी तरी लागते.

१९६७ मध्ये सरकारने आंतरराष्ट्रीय विमानतळांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद जेआरडींकडे सोपवले. या समितीने विमानतळांसाठी स्वायत्त संस्था निर्माण करण्याची शिफारस केली. त्यानुसार १९७१ मध्ये कायदा झाला आणि १९७२ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अस्तित्वात आले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास हे चार विमानतळ त्याच्याकडे आले. १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत सहार येथे परदेशी प्रवाशांसाठी स्वतंत्र टर्मिनल सुरू झाले, ते याच प्राधिकरणाच्या काळात. १९९५ मध्ये हे प्राधिकरण आणि देशांतर्गत विमानतळांचे प्राधिकरण एकत्र येऊन आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण बनले.

जेआरडींच्या चरित्रांत चहाच्या टिपणाची गोष्ट रंगवून सांगितली जाते. या समितीचा उल्लेख मात्र क्वचित येतो. परंतु दोहोंना एकत्र ठेवले तरच त्यांची दृष्टी पुरती कळते. एका माणसाची चौकस नजर एका विमानापुरती पुरते. ती नजर हजारो प्रवाशांच्या कामी यायची असेल, तर तिच्यासाठी अधिकार असलेली व्यवस्था उभारावी लागते. पहिली गोष्ट स्वभावाने साधते. दुसरीसाठी कायदा, पैसा आणि चिकाटी लागते.

८. मर्यादांचा विचार

चरित्रनायकाविषयी आदर असला तरी अभ्यासकाने प्रश्न विचारले पाहिजेत. जेआरडींनी ज्या प्रवाशाची इतकी काळजी वाहिली, तो दीर्घकाळ समाजाच्या वरच्या थरातला होता. ‘मलबार प्रिन्सेस’मध्ये संस्थानिक होते, शेतमजूर नव्हते. पडद्यांचे रंग ठरत होते, त्या काळात सामान्य भारतीय माणूस आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून उभ्याने प्रवास करीत होता.

१९७० च्या दशकात मात्र विमानतळावरील माणूस बदलला. आखाती देशांत कामाची दारे उघडली आणि गवंडी, सुतार, वीजतंत्री, परिचारिका मुंबईच्या विमानतळावर मोठ्या संख्येने दिसू लागल्या. कोकणातून आणि वसईच्या परिसरातूनही अनेक जण आखातात आणि जहाजांवर कामाला गेले. या प्रवाशाला महाराजाच्या लवून केलेल्या स्वागतापेक्षा वेगळ्या गोष्टी हव्या होत्या. परक्या भाषेतील अर्ज भरून देणारा कोणी, आपल्या भाषेतील फलक, अरेरावी न करणारा कर्मचारी, आणि निरोप द्यायला आलेल्या कुटुंबाला बसायला जागा, या त्याच्या गरजा होत्या. प्रवाशाच्या आसनावरून पाहायचे तर प्रथम त्या आसनावर कोण बसले आहे हे पाहावे लागते. जेआरडींची पद्धत या प्रवाशालाही लागू पडण्याजोगी होती; ती सर्वत्र लागू झाली नाही, हे मान्य केले पाहिजे.

९. पदमुक्ती आणि अखेर

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे पहिले जम्बो विमान ‘सम्राट अशोक’ मुंबईहून दुबईकडे निघाले आणि काही मिनिटांत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जणांचा अंत झाला. त्यानंतर महिनाभराने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. मोरारजी देसाई यांच्या सरकारने त्यांच्या जागी माजी हवाई दल प्रमुख पी. सी. लाल यांची नेमणूक केली आणि ही बातमी जेआरडींना सरकारकडून थेट न कळता लाल यांच्याकडूनच कळली. या दोन घटना पाठोपाठ घडल्या म्हणून त्यांत कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई अभ्यासकाने करू नये. परंतु पंचवीस वर्षे वेतन न घेता सेवा करणाऱ्याला निरोपाचे दोन शब्दही सरकारने सांगू नयेत, ही बाब खटकल्यावाचून राहत नाही. प्रत्येक प्रवाशाला नीट निरोप मिळावा म्हणून झटलेल्या माणसाला तो मिळाला नाही.

१९८० मध्ये इंदिरा गांधी यांच्या सरकारने त्यांना एअर इंडियाच्या संचालक मंडळावर पुन्हा घेतले, अध्यक्षपद मात्र दिले नाही. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी जुन्या धाटणीच्या छोट्या विमानातून एकटे कराचीहून निघाले आणि जुहूला उतरले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब देण्यात आला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि जन्मगावी पॅरिसमध्ये त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली. ते पाहण्यास ते नव्हते.

१०. समारोप

विद्यार्थी मित्रहो, जूचंद्रहून मध्यरात्री निघालेल्या त्या प्रवाशाकडे आपण परत येऊ. त्याला आज भव्य इमारत मिळते, सरकते जिने मिळतात, भिंतींवर कला दिसते. तरीही त्याची धाकधूक ज्या क्षणी कमी होते, तो क्षण माणसाशी निगडित असतो. कोणी तरी त्याच्याकडे पाहते, त्याच्या हातातील कागद वाचते आणि पुढची वाट त्याला समजेल अशा भाषेत दाखवते. असा माणूस त्या जागी असावा, त्याला पुरेसा वेळ आणि अधिकार असावा, आणि तो नसला तर ते कोणाच्या तरी लक्षात यावे, यासाठी व्यवस्था लागते. जेआरडींच्या आयुष्यातून हाती येणारा विचार एवढाच आहे : ज्याच्या हाती व्यवस्था आहे, त्याने अधूनमधून रांगेत उभे राहून ती पाहावी आणि पाहिलेले लिहून ठेवावे.

आपणही जेथे काम करता तेथे कोणी ना कोणी आपल्या समोरच्या बाजूला उभे असते. त्या बाजूला जाऊन एकदा उभे राहून पाहावे. या घटकाचा तो खरा स्वाध्याय आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. जुहू येथील सुरुवातीच्या विमानसेवेत प्रवाशाला मिळणारी प्रमुख सोय कोणती होती? सकारण सांगा.
२. जेआरडींची टिपणे आणि १९६७ ची समिती यांतील संबंध आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. राष्ट्रीयीकरणास विरोध असूनही जेआरडींनी अध्यक्षपद का स्वीकारले असावे? चर्चा करा.
४. या चरित्रात नायकाच्या कार्याच्या कोणत्या मर्यादा नोंदवल्या आहेत? आपले मत मांडा.

क्षेत्रीय कार्य

आपल्या जवळचे रेल्वे स्थानक, बसस्थानक किंवा विमानतळ यांपैकी एका ठिकाणी तासभर थांबा. प्रथमच येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने तेथील फलक, रांगा, बसण्याची जागा, स्वच्छता आणि कर्मचाऱ्यांचे बोलणे यांचे निरीक्षण करा. आढळलेला दोष, त्याची जबाबदारी कोणाची आणि त्यावरील उपाय, अशा क्रमाने सुमारे ३०० शब्दांचे टिपण प्रमाण मराठीत लिहा.